कवकांची ओळख व नोंद : पश्चिम घाट

पश्चिम घाटात आढळणारी दुर्मीळ किंवा विज्ञानाला नवी असलेली कवके शोधणे, त्यांची जात ठरवणे आणि तो पुरावा पुढच्या अभ्यासकांना तपासता येईल अशा रीतीने जपणे, हा या नोंदीचा विषय आहे. अळंबी, बुरशी, किण्व, तांबेरा, काणी हे सारे कवकांतच मोडतात. जगात कवकांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा अंदाज हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग यांनी २०१७ मध्ये मांडला. आजवर नावे मिळालेल्या जाती सुमारे दीड लाख आहेत.

भारतातील जुन्या नोंदी मुख्यतः पिकांच्या रोगांच्या निमित्ताने झाल्या. ई. जे. बटलर यांनी बिहारमधील पुसा येथे संग्रह उभारला आणि १९३१ मध्ये बटलर व बिस्बी यांची भारतातील कवकांची सूची प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रासाठी कामत, पटवर्धन, राव व साठे यांची ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ ही १९७१ ची सूची अजूनही पहिला आधार आहे. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेचे, काम यात मध्यवर्ती ठरते. वनस्पतिरोगतज्ज्ञ प्रा. आजरेकर यांच्या नावाने तेथे वाळवलेल्या कवकांचा संग्रह आहे. त्याच्या जोडीला जिवंत संवर्धांचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कवकांचा, राष्ट्रीय संग्रहही आहे. वाळलेल्या नमुन्यावरून रचना पुन्हा पाहता येते, तर जिवंत संवर्धावर प्रयोग करता येतात. शक्य तेथे दोन्ही ठेवणे हीच चांगली पद्धत होय.

सूक्ष्मकवके : घाटातील नव्या जातींचा मोठा खजिना पाचोळ्यात आहे, पण त्याच्याकडे लक्ष फार थोड्यांचे जाते. कुजकी पाने, काटक्या व बांबूचे तुकडे कागदी पिशव्यांतून आणतात, वाहत्या पाण्याने धुतात आणि झाकणाच्या काचबशीत ओल्या टिपकागदावर ठेवतात. पुढे काही दिवस किंवा आठवडे रोज पाहणी चालते. पानावर केसासारखा काळा तंतू उभा राहिला की तो सुईच्या टोकाने उचलून लॅक्टोफिनॉलच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बीजाणूचा आकार, रंग व त्यातील पडदे मोजले जातातच; पण तो तंतूवर कसा तयार होतो, एकेकटा की साखळीने, आणि सुटताना मागे कोणती खूण राहते, यावर निदान अधिक अवलंबून असते. एकच बीजाणू वेगळा काढून वाढवता आला तर संवर्ध मिळतो. अनेक कवके प्रयोगशाळेतील आगर माध्यमावर वाढतच नाहीत. अशा वेळी रेखाचित्र, मोजमापे आणि वाळलेले पान एवढाच पुरावा उरतो, म्हणून तो नीट असावा लागतो.

तंतूंवर बीजाणू धरणाऱ्या या सूक्ष्मकवकांचा भारतीय अभ्यास मद्रासचे सी. व्ही. सुब्रमणियन यांनी घडवला. त्यांचा ‘हायफोमायसीट्स’ हा ग्रंथ १९७१ चा. गोवा विद्यापीठातील डी. जे. भट यांनी ते काम घाटात पुढे नेले. भट व केंड्रिक यांनी १९९३ मध्ये पश्चिम घाट व अंदमान येथील २५ नवी कवके एकाच निबंधात वर्णिली. २००५ मध्ये गावस व भट यांनी मेलेल्या बांबूवरच्या एका कवकासाठी ‘वंशप्रिया’ हा नवा वंश स्थापन केला आणि त्याच्या जातीला ‘इंडिका’ हे नाव दिले. त्या वेळी आधार बाह्य रचनेचाच होता. पुढे थायलंडमधील बांबूंवर याच वंशाच्या आणखी जाती मिळाल्या आणि डीएनएच्या आधारे त्याचे कुळही ठरले. गोव्यातील वर्णन नेटके होते, म्हणूनच दूरच्या अभ्यासकांना आपल्या हातातले कवक ओळखता आले.

अळंबी : छत्री ताजी असतानाच रंग, वास, कापल्यावर होणारा बदल व आसपासची झाडे टिपावी लागतात, वाळल्यावर हे सारे हरवते. छत्री कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा छाप घेतात. आयोडीनयुक्त द्रावणात बीजाणू निळे पडतात की नाही, हीही महत्त्वाची खूण आहे. नमुना मंद उष्णतेवर वाळवतात. वारुळावर येणारी टर्मिटोमायसीस वंशातील अळंबी, गोव्यातील रोयण ओळमी, वाळवीच्या सहवासाशिवाय वाढत नाही.

डीएनए : डीएनएतील आयटीएस हा पट्टा २०१२ मध्ये कवकांची सर्वसाधारण ओळखखूण म्हणून पुढे आला. काही गटांत तो जवळच्या जाती वेगळ्या करू शकत नाही. सार्वजनिक संग्रहांतील अनेक डीएनए-क्रम चुकीच्या नावाखाली आहेत, त्यामुळे संगणकाने जुळवलेले पहिले नाव स्वीकारणे धोक्याचे आहे. नमुना नसताना केवळ क्रमावरून जातीला नाव द्यावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. सान हुआन येथील २०१८ च्या आंतरराष्ट्रीय कवकशास्त्र परिषदेत तसा प्रस्ताव मान्य झाला नाही.

नमुन्याचे महत्त्व अलीकडच्या एका घटनेतून दिसते. जून २०२३ मध्ये कर्नाटकात कुद्रेमुखच्या पायथ्याशी, कार्कळ तालुक्यातील माळा येथे, एका जिवंत सोनेरी पाठीच्या बेडकाच्या कुशीवर छोटी अळंबी उगवलेली दिसली. जिवंत बेडकावर अळंबीची ही पहिलीच नोंद मानली जाते आणि ती २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. छायाचित्रावरून तज्ज्ञांनी वंश मायसीना असावा असे म्हटले. बेडूक पकडला नव्हता, त्यामुळे जात ठरली नाही आणि अळंबी कातडीत किती खोल रुजली होती हेही तपासता आले नाही. निरीक्षण मोलाचेच आहे. पण नोंदीत ते ‘मायसीना, बहुधा’ असेच नोंदवावे लागते.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री चमकणाऱ्या लाकडालाही अनेकदा मायसीनाचेच नाव दिले जाते. प्रकाश देणाऱ्या कवकांच्या शंभराहून अधिक जाती जगात ज्ञात आहेत आणि चमक पुष्कळदा लाकडात पसरलेल्या तंतूंच्या जाळ्याची, म्हणजे कवकजालाची, असते. नुसत्या चमकेवरून जात सांगता येत नाही.

दुर्मीळता : छत्री काही दिवसच दिसते, कवकजाल मात्र मातीत किंवा लाकडात वर्षानुवर्षे असू शकते. त्यामुळे एकदाच सापडलेल्या कवकाला लगेच दुर्मीळ म्हणता येत नाही. त्याच जागी, त्याच झाडाखाली, पुढच्या पावसाळ्यांत पुन्हा शोध घ्यावा लागतो, आणि ‘शोधले, मिळाले नाही’ हेही लिहून ठेवावे लागते. तशा नोंदी फारच थोडेजण ठेवतात.



नियम : १ जानेवारी २०१३ पासून कवकाचे नवे नाव ग्राह्य ठरण्यासाठी मान्य नोंदणीकोशाचा क्रमांक आवश्यक आहे, मायकोबँक व इंडेक्स फंगोरम हे त्यांपैकी दोन. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत आणि ज्यावर नाव आधारले तो प्ररूप नमुना संग्रहात, याही अटी आहेत. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार नवी जात शोधणाऱ्याने ती नियुक्त भांडारास कळवून नमुना तेथे जमा करावयाचा असतो. कवकांसाठी पुण्याचा राष्ट्रीय संवर्ध संग्रह हे असे भांडार आहे. वाळलेल्या नमुन्याच्या पाकिटावर स्थळ, उंची, आधारवनस्पती, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि संग्रह क्रमांक लिहितात.