चाळीस तासांसाठी उभारलेला स्वर्ग

कलेचा इतिहास सहसा टिकून राहिलेल्या वस्तूंवरून लिहिला जातो. परंतु सतराव्या शतकातील रोममध्ये थोर कलावंतांनी आपली प्रतिभा अशाही एका कामी वेचली, की जे थोड्याच दिवसांत मोडले जाणार हे त्यांना पहिला खिळा ठोकतानाच ठाऊक होते. चाळीस तासांच्या आराधनेसाठी ख्रिस्तमंदिरांत उभारल्या जाणाऱ्या भव्य देखाव्यांविषयी आम्ही हे म्हणत आहोत.

प्रभू येशूचा देह चाळीस तास कबरेत होता, अशी परंपरा आहे. त्या स्मरणार्थ पवित्र साक्रामेंतासमोर अखंड प्रार्थना करण्याची प्रथा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात युद्धांनी जर्जर झालेल्या मिलान शहरात रुजली. एका मंदिरातील आराधना संपताच ती दुसऱ्या मंदिरात सुरू व्हावी, अशी साखळीही तेथेच जोडली गेली. रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी तिचा प्रसार केला आणि १५९२ साली पोप क्लेमेंट आठवे यांनी त्या शहरात ती वर्षभर आळीपाळीने चालावी अशी व्यवस्था लावून दिली.

येशूसंघीयांनी या भक्तीला निराळे वळण दिले. इटलीतील माचेराता येथे १५५६ साली कार्निव्हलच्या दिवसांत एक अश्लील नाटक होऊ घातले होते. त्याला उत्तर म्हणून त्यांनी त्याच दिवसांत चाळीस तासांची आराधना मांडली. मात्र रस्त्यावर रंगांची उधळण चालू असता लोकांना मंदिराकडे वळवायचे, तर तेथेही डोळ्यांना काही द्यावे लागते. यातूनच देखाव्यांची परंपरा फोफावली.

१६२८ सालच्या आगमनकाळाच्या आरंभी, तिशीच्या उंबरठ्यावरील बेर्निनी याने व्हॅटिकनमधील पाउलिन चॅपेलमध्ये स्वर्गीय वैभवाचा देखावा उभा केला. मेघांच्या आड दोन हजारांहून अधिक दिवे दडवले होते. प्रकाश सर्वत्र दिसे, ज्योत कोठेच दिसत नसे.

या कलेचा शास्त्रकार मात्र एक साधा ब्रदर होता. आंद्रेआ पोत्सो यांचा जन्म १६४२ साली त्रेंतो येथे झाला. १६६५ साली ते येशूसंघात आले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांनी घेतली नाही, कुंचला मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. १६८५ साली रोममधील जेझू मंदिरात त्यांनी काना येथील लग्नाचा देखावा रचला. दुरून पाहणाऱ्यास तो स्तंभ, कमानी व जिने असलेला संगमरवरी प्रासाद वाटे. प्रत्यक्षात ते होते लाकडी चौकटींवर ताणलेले, रंगवून कापलेले कापड. अशा चौकटींच्या रांगा एकामागे एक उभ्या करीत. मूळ आराखड्यावर चौकोनांची जाळी आखून प्रत्येक रेषा मोठ्या कापडावर उतरवीत. नेमक्या जागेवरून पाहता सगळे तुकडे सांधले जाऊन एकच वास्तू भासे. चौकटींमधील फटींत दिवे लपवीत. कोरडे लाकूड, रंगवलेले कापड आणि त्यांच्याआड उघडी ज्योत! हे काम किती जोखमीचे होते हे निराळे सांगावयास नको.

पाण्याचा द्राक्षारस झाला त्या प्रसंगाचे साक्रामेंताशी असलेले नाते उघड आहे. सगळा डामडौल पवित्र भाकरीकडे दृष्टी नेण्यासाठीच होता. तथापि दृष्टी वाटेतच अडकली तर? हा प्रश्न खरा होता. १७०५ साली पोप क्लेमेंट अकरावे यांनी या आराधनेसाठी जे नियम घालून दिले, त्यांत वेदीवर किमान २० मेणबत्त्या अखंड तेवत ठेवण्यास सांगितले आहे. चौकटींच्या प्रासादांपुढे ही मागणी फार साधी आहे. प्रार्थनेला तेवढा उजेड पुरतो, हे ख्रिस्तसभेने त्यातून जणू नोंदवून ठेवले.

देखावे गेले, पण विद्या उरली. पोत्सो यांनी १६९३ व १७०० साली दोन खंडांत यथादर्शनावरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कानाच्या देखाव्याची आकृतीही त्यात दिली. १७०७ साली तो इंग्रजीत आला. १७२९ साली चीनमध्ये नियान शियाव यांनी याच विषयावर जो ग्रंथ काढला, त्याचाही आधार मुख्यतः हाच होता. रोममधील संत इग्नेशियस मंदिरात पोत्सो यांनी १६८५ सालीच सपाट कापडावर रंगवलेला घुमट आजही पाहणाऱ्यास चकवतो.

आपल्याकडे डिसेंबर आला की गावोगावची तरुण मंडळी नाताळचे गोठे उभारण्यात रात्री जागवतात. गवत, बांबू, कागद, विजेच्या माळा. आणि सण सरला की सारे मोडून टाकणे. एवढा खर्च व श्रम कशासाठी, असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. तो प्रश्न आम्हाला अनाठायी वाटत नाही. गोठा पाहून परतणारा मनुष्य रोषणाईविषयी बोलत जातो की बाळ येशूविषयी, यावरच त्याचे उत्तर अवलंबून आहे. पोत्सो यांचे दिवे चौकटींच्या आड असत. आपल्या देखाव्यातील दिवा कोठे ठेवायचा, हे आपणच ठरवायचे आहे.