मनाच्या आजाराचा दाखला कुठून आला



अपंगत्वाचा दाखला म्हटलं की आपल्यासमोर कुबडी येते, नाहीतर पांढरी काठी. एखादीला आठ-आठ दिवस झोप नाही, कानात आवाज येतात, चूल पेटवायचंही सुधरत नाही, अशा बाईलाही तो दाखला मिळू शकतो असं सांगितलं तर घरचेच म्हणतात, ‘हातपाय तर धड आहेत की तिचे!’ घरच्यांना तरी किती बोल लावायचा? हे कायद्यात यायलाच १९९५ साल उजाडलं. त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते आज सांगते.

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांसाठी कायदे केले. मग १९१२ साली नवा कायदा आला. दोन्हींमध्ये बोलणं होतं ते पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि वेड्यांचं इस्पितळ यांचं. रस्त्यात कुणी भटकताना दिसलं किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला, तर पोलिसांनी धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि हुकूम निघाला की आत पाठवायचं. आपल्याकडे ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर इथली मनोरुग्णालयं तेव्हाचीच. ठाण्याचं १९०१ सालचं. घरी राहून आजार काढणारी बाई या कायद्याला दिसतच नव्हती. तिला काय लागतं, तिच्या घरात कमावणारं कोण, हा प्रश्नच त्यात नव्हता.

त्या १९१२च्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती, आणि तिचा त्रास आपण अजून भोगतोय. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी असलेलं माणूस आणि चांगलं शिकलं-सवरलेलं, पण पुढे मनाने आजारी पडलेलं माणूस, या दोघांना त्याने एकाच शब्दात कोंबलं. आजही अर्ज लिहिणारा पोरगा ‘मनोरुग्ण’च्या जागी बेधडक ‘मतिमंद’ लिहितो. कागदावर तो शब्द चुकला की पुढची फेरी वाया गेली म्हणून समजा.

हा कायदा ऐंशी वर्षं टिकला. स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली, तरी तो तसाच. १९८७ साली त्याच्या जागी मानसिक आरोग्य कायदा झाला, पण लागू व्हायला १९९३ उजाडलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी ते प्रकरण कोर्टात नेलं होतं. गुन्हा काहीच नाही, फक्त मन आजारी आहे, म्हणून माणसांना तुरुंगात ठेवलं जात होतं. हे बेकायदा आहे, असं न्यायालयाने सांगितलं. १९९३ साली हे सांगावं लागलं, यावरून काय ते ओळखा.

मग १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सातवा होता मानसिक आजार. पहिल्यांदाच तो पोलिसांच्या वहीतून निघून हक्कांच्या यादीत आला. पण यादीत नाव आलं म्हणजे ताटात वाढलं असं होत नाही. सरकारी नोकरीत तीन टक्के जागा ठेवल्या, त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यात वाटल्या. मानसिक आजाराला त्यात जागा नव्हती. शिवाय दाखला द्यायचा तर टक्के हवेत. पाय किती वाकतो ते मोजता येतं. मन कसं मोजायचं? २००१च्या जूनमध्ये बाकीच्या अपंगत्वांच्या मोजणीचे नियम सरकारने छापले, मानसिक आजाराचे राहिले.

त्याच वर्षी ६ ऑगस्टला तामिळनाडूत एर्वाडी गावी आग लागली. तिथल्या दर्ग्यापाशी बरं वाटेल म्हणून लांबलांबून घरचे लोक आपल्या आजारी माणसांना आणून ठेवत. तिथल्या एका खाजगी आसऱ्यात माणसं साखळदंडाने बांधलेली होती. आग लागली तेव्हा त्यांना पळता आलं नाही. अठ्ठावीस जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा जागांची चौकशी सुरू झाली. या माणसांच्या घरच्यांना आपल्या गावात औषध आणि दोन पैशांचा आधार मिळाला असता, तर ती तिथवर गेली असती का, हे मला विचारावंसं वाटतं.

शेवटी २७ फेब्रुवारी २००२ रोजी मानसिक आजाराच्या मोजणीचे नियम निघाले. देशातल्या मानसोपचार डॉक्टरांच्या संघटनेने ही मोजपट्टी तयार केली होती. ती नीट समजून घ्या, कारण दाखला आजही याच पद्धतीने ठरतो.

मोजपट्टीत चार गोष्टी बघतात. स्वतःची काळजी, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण. दुसरं, माणसांत वागणं. तिसरं, बोलणं आणि समोरच्याचं समजून घेणं. चौथं, काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि अडचण जितकी मोठी तितके गुण जास्त. आजार किती वर्षांचा, याचे एक ते चार गुण वेगळे. सगळे मिळून वीस. सात ते तेरा गुण झाले तर अपंगत्व ४० ते ७० टक्क्यांत बसतं, आणि बहुतेक योजनांचं दार ४० टक्क्यांना उघडतं.

समजा एक बाई आहे. अंघोळीला तिला आठवण करावी लागते: १. शेजारीपाजारी जाणं सुटलंय: २. बोलता बोलता धागा तुटतो: २. काम जवळजवळ बंद: ३. आजाराला चार वर्षं झाली, त्याचे २. बेरीज दहा. म्हणजे तिचा हक्क बनतो.

आता ‘काम’ या शब्दापाशी थांबा. पगाराची नोकरीच मोजायची असती तर आपल्यातल्या निम्म्या बाया शून्यावरच राहिल्या असत्या. पण मोजपट्टीत घरकाम हेही काम धरलंय. स्वयंपाक, पाणी, पोरांचं करणं जमत नसेल तर ते मोजलं जातं. माझ्या मते अख्ख्या कागदात बाईच्या उपयोगाचं सगळ्यात मोठं वाक्य हेच, आणि तेच कुणी सांगत नाही. डॉक्टर घरच्या माणसालाही विचारतात. तिथे लाजेने ‘तसं सगळं करते हो’ म्हणालात तर गुण कमी पडणार. ती भाकरी करते, पण तीनदा उठवल्यावर आणि कुणी शेजारी बसलं तर, हे पुरतं सांगायचं.

दाखला म्हटलं की माहेरच्यांना धडकी भरते, की उद्या नवरा हाच कागद कोर्टात दाखवून हिला सोडेल. भीती खोटी नाही. हिंदू विवाह कायद्यात मनाचा आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण नुसत्या आजाराच्या नावावर घटस्फोट देता येत नाही, आजार एकत्र राहणं अशक्य व्हावं इतका असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलंय. आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात साफ लिहिलंय की आजार असणं म्हणजे बुद्धी ठिकाणावर नाही असं नव्हे, ते ठरवायचं तर सक्षम न्यायालयच ठरवेल.

२०१६ साली अपंगांचा नवा कायदा झाला, २०१७च्या एप्रिलपासून लागू आहे. सातचे एकवीस प्रकार झाले. नोकरीतल्या राखीव जागा चार टक्के झाल्या आणि मानसिक आजार त्यात आला, तोही एका टक्क्यात इतरांबरोबर वाटून.

आपल्या राज्यातली संजय गांधी निराधार अनुदान योजना याहून जुनी, १९८० सालची. तिच्या यादीत अस्थिव्यंग, अंध, मूकबधिर, कर्णबधिर, मतिमंद अशी नावं आहेत आणि पुढे ‘इत्यादी’. मनाने आजारी माणूस त्या ‘इत्यादी’त बसतो. खिडकीवर कुणी ‘तुमचं नाव यादीत नाही’ म्हणालं तर घाबरू नका, ४० टक्क्यांचा दाखला पुढे करा. अनुदान आधी महिना ६०० रुपये होतं, मग १००० आणि १५०० झालं. दिव्यांगांसाठी ते २५०० करायचा निर्णय २०२५ साली झाला. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन २००९ची. तिला ८० टक्के लागतात आणि घर दारिद्र्यरेषेखालचं लागतं.

दाखल्याचा अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, मोबाईलवर किंवा सेतू केंद्रात. मग तपासणीला सरकारी रुग्णालयात, जिथे मानसोपचार डॉक्टर बसतात त्या वारी. तो वार आधी फोन करून विचारा, नाहीतर रोजगार बुडतो आणि एसटीचं भाडंही. औषधाच्या जुन्या चिठ्ठ्या, अगदी फाटक्यासुद्धा, बरोबर न्या, आजार किती वर्षांचा ते त्यावरूनच ठरतं. अनुदानाचा अर्ज तहसील कचेरीत, उत्पन्नाच्या दाखल्यासह. आणि मनाच्या आजाराचा दाखला पुष्कळदा ठराविक मुदतीचा असतो. मुदत कागदावरच छापलेली असते, ती संपायच्या दोन-तीन महिने आधीच पुन्हा तपासणीला जायचं.