चाकण: परगण्याच्या ठाण्यापासून नगरपरिषदेपर्यंत

ज्या गावचा भुईकोट घेण्यासाठी औरंगजेबाच्या मामाला भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने खर्ची घालावे लागले, त्या गावाला स्वतःची नगरपरिषद मिळाली ती २०१५ मध्ये. शेजारच्या आळंदीची आणि तळेगाव दाभाड्याची नगरपालिका एकोणिसाव्या शतकातली. चाकण मात्र एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उलटेपर्यंत ग्रामपंचायतच होते. हा उशीर का झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या धाग्याचा विषय.

आधी भूगोल, कारण चाकणचा इतिहास बव्हंशी त्याच्या जागेने घडवला आहे. पुण्यापासून उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर, दक्षिणेस इंद्रायणी आणि उत्तरेस भामा यांच्यामधल्या पठारावर हे गाव वसले आहे. डोंगर जवळ नाही, नैसर्गिक तटबंदी नाही. आहेत त्या फक्त वाटा. पुण्याहून जुन्नरकडे आणि पुढे नाणेघाटाने कोकणात उतरणारी वाट येथून जाते. पूर्वेला नगरकडची, पश्चिमेला मावळातली वाटही येथूनच फुटते. आजचा पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता याच गावात एकमेकांना छेदतात. ज्याला पुणे प्रांतावर हुकमत हवी, त्याला चाकण हवे, हे गणित बहमनी सुलतानांपासून सर्वांनाच ठाऊक होते.

गावाच्या नावाची कथा ग्रामदैवत चक्रेश्वराशी जोडली जाते. दशरथाच्या रथाचे चाक येथे पडले, अशी ती आख्यायिका. इतिहासाच्या कामाची नसली, तरी ज्या गावाच्या नावाची कथाच चाकाची आहे तेथे पुढे देशातला मोठा वाहन उद्योग उभा राहावा, हा योगायोग नोंदवण्याजोगा खरा.

लिखित इतिहासात चाकण ठळकपणे येते ते पंधराव्या शतकाच्या मध्यावर. बहमनी सरदार मलिक उत् तुज्जार याने कोकणच्या मोहिमेसाठी चाकणला तळ केला होता. शिर्क्यांनी त्याच्या फौजेला सह्याद्रीच्या रानात नेऊन अडकवले आणि तिचा मोठा भाग तेथेच कापला गेला. उरलेसुरले सैनिक चाकणच्या आश्रयाला आले. त्यांत परदेशी, म्हणजे इराणी-अरबी वंशाच्या लोकांचा भरणा होता. दख्खनी सरदारांनी सुलतानाकडे त्यांच्याविरुद्ध कागाळ्या केल्या आणि अभयाचे वचन देऊन त्यांची कत्तल घडवली. बहमनी राज्य पुढे ज्या दख्खनी-परदेशी वैराने पोखरले गेले, त्याचा एक भीषण अंक या गावात घडला आहे. शिवकाळाच्या प्रकाशात तो सहसा कोणाला दिसत नाही.

त्यानंतर जुन्नरच्या मलिक अहमदने चाकणच्या किल्लेदाराचा पाडाव करून हे ठाणे घेतले. १४९० मध्ये निजामशाही स्थापन झाली, त्याआधीची ही पायरी. मालोजीराजांना पुणे-सुप्याच्या जहागिरीबरोबर शिवनेरी आणि चाकण या किल्ल्यांची जबाबदारी मिळाली. शहाजीराजांच्या जहागिरीतही चाकण होते. १६४७ च्या सुमारास, दादोजी कोंडदेवांच्या निधनानंतर, चाकणचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा शिवाजी महाराजांच्या बाजूस आला. महाराजांनी त्याला त्याच पदावर कायम ठेवले.

आता १६६०. ९ मे रोजी शाइस्तेखान पुण्यात दाखल झाला. शिवाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. चाकण सोडून पुण्यात राहणे खानाला परवडणारे नव्हते. नगरकडून येणारी रसद त्या किल्ल्याच्या टप्प्यात होती. २१ जूनला तो चाकणपुढे आला. संग्रामदुर्ग हा डोंगरी किल्ला नव्हे. सपाटीवरचा कोट, कोपऱ्यांना बुरूज, भोवती खंदक, एवढेच त्याचे बळ. आतले लोक तीनशे-साडेतीनशे असावेत, असे सांगितले जाते. पाऊस सुरू झालेला, दारू भिजणारी, खंदक पाण्याने भरलेले. अशा स्थितीत मोगली तोफखाना पन्नासहून अधिक दिवस ताटकळत राहिला.

अखेर मोगलांनी आपल्या मोर्चापासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत भुयार खणले आणि १४ ऑगस्टला दुपारी सुरुंग उडवला. बुरूज आतल्या माणसांसह उडाला. मोगल धावून गेले, तो आत मातीचा दुसरा उंच बांध तयार! बुरूज जाणार हे ओळखून फिरंगोजीने तो आधीच घालून ठेवला होता. त्या बांधाआडून मराठे रात्र पडेपर्यंत लढले आणि मोगलांना ती रात्र पडलेल्या तटापाशीच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मुख्य तट पडला, लोक बालेकिल्ल्यात हटले आणि राव भावसिंह हाडा याच्या मध्यस्थीने किल्ला स्वाधीन झाला. मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले, असा आकडा यदुनाथ सरकार देतात. एका लहान भुईकोटासाठी ही किंमत फार मोठी होती. खानाने पुढे किल्ले घेण्याचा उत्साह फारसा दाखवला नाही, त्यामागे चाकणचा अनुभव असावा, हे मानण्यास जागा आहे.

येथे एक खुलासा. १५ ऑगस्ट ही तारीख पाहून अनेकांना १९४७ आठवते. पण ही तारीख ज्युलियन कालगणनेतली आहे, जशी शिवजन्माची १९ फेब्रुवारी किंवा राज्याभिषेकाची ६ जून. आजच्या ग्रेगोरियन गणनेत चाकण पडले तो दिवस २५ ऑगस्ट येतो. योगायोगांवर लेख रचण्यापूर्वी कालगणना तपासलेली बरी.

विजयानंतर मोगलांनी चाकणचे नाव इस्लामाबाद ठेवले. ते कागदावर राहिले, लोकांच्या तोंडी चाकणच टिकले. फिरंगोजीने खानाची चाकरी नाकारली आणि तो महाराजांकडे परतला, ही हकीकत मराठी परंपरेत आदराने सांगितली जाते. १८१८ च्या फेब्रुवारीत ले. कर्नल डीकनच्या तुकडीने हा कोट इंग्रजांसाठी घेतला, तेव्हाही आतल्या मोजक्या शिबंदीने प्रतिकार केलाच. आज तटाचे काही भाग आणि खंदकाच्या खुणा घरादारांच्या गर्दीत शिल्लक आहेत.

किल्ला गेला तसे चाकणचे राजकीय महत्त्व गेले, पण वाटा राहिल्या, आणि वाटांवर बाजार वाढला. शनिवारचा आठवडे बाजार, जनावरांचा बाजार आणि मुख्य म्हणजे कांदा-बटाटा. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचे चाकणमधील आवार महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाते आणि कांद्याचे चाकणचे भाव आजही वृत्तपत्रांत छापून येतात. तालुक्याचे ठिकाण मात्र खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर. परगण्याचे मुख्य ठाणे असलेले गाव आधुनिक प्रशासनात तालुक्यातले एक बाजाराचे गाव होऊन बसले.

पुढचा बदल दक्षिणेकडून आला. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या मालावरील जकातीने ही पालिका गब्बर केली. रस्ते, उद्याने, उड्डाणपूल त्या पैशातून उभे राहिले. उद्योगांचा पुढचा विस्तार मात्र इंद्रायणी ओलांडून, जकातीच्या हद्दीबाहेर, खेड तालुक्यात झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बजाज ऑटो महाळुंग्यात आली. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले, पाठोपाठ महिंद्राचा.

कारखान्यांच्या पत्त्यांकडे नीट पाहावे. फोक्सवॅगन: निघोजे, खराबवाडी. मर्सिडीज: कुरुळी, निघोजे. जगभर ज्या पट्ट्याला ‘चाकण’ म्हणतात, तो मोठ्या प्रमाणावर चाकण गावाच्या शिवेबाहेर आहे. नाव चाकणचे, जमीन शेजारच्या ग्रामपंचायतींची, नियोजनाचा अधिकार औद्योगिक विकास महामंडळाचा. चाकणच्या वाट्याला आले ते कामगारांचे लोंढे, भाड्याच्या खोल्या, कचरा आणि तळेगाव चौकातली वाहतूक.

फोक्सवॅगनच्या मायदेशाशी तुलना केली की हा पेच उलगडतो. जर्मनीत प्रत्येक लहान गावपालिकेला आपल्या हद्दीतल्या उद्योगावर व्यवसायकर लावण्याचा आणि त्याचा दर ठरवण्याचा अधिकार आहे. काही हजार वस्तीच्या गावात मोठा कारखाना आला, तर त्या गावाची शाळा, पोहण्याचा तलाव, अग्निशमन केंद्र यांचे दिवस पालटतात. कंपनीचे मूळ शहर वोल्फ्सबुर्ग तर १९३८ मध्ये नाझी राजवटीने कारखान्यासाठीच वसवले. ते वाढत गेले आणि १९७२ च्या प्रादेशिक फेररचनेत फालर्सलेबेन, फोर्सफेल्डे ही त्याच्याहून कितीतरी जुनी गावे त्याच्यात विलीन झाली. तेथे गावपालिका सरसकट आदर्श आहेत असे नव्हे. कारखाना एका गावात आणि कामगार दुसऱ्या गावात, हे भांडण तिथेही आहे. पण कर कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे तिथे पुष्कळदा एकाच कचेरीत सापडतात.

महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात लहान नागरी क्षेत्राच्या अटी स्पष्ट आहेत: लोकसंख्या किमान २५ हजार, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ३०० आणि किमान ३५ टक्के रोजगार शेतीबाहेरचा. २०११ च्या जनगणनेत चाकणची वस्ती सुमारे ४१ हजार होती. जनगणनेच्या लेखी हे गाव ‘शहर’ झालेच होते, पण कारभार ग्रामपंचायतीचा होता. म्हणजे नगररचना, मलनिस्सारण, अग्निशमन यांसाठी लागणारी यंत्रणा ज्या दशकात सर्वाधिक हवी होती, नेमक्या त्याच दशकात ती नव्हती. ग्रामपंचायतीला दोष देणे सोपे आहे. एवढ्या मोठ्या वस्तीचा भार पेलण्यासाठी ती रचलेलीच नव्हती.

नगरपरिषद आली, पण तिच्याभोवती अधिकारांची गर्दी आधीच झाली होती. त्याच वर्षी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. महामार्ग राष्ट्रीय प्राधिकरणाचा, औद्योगिक क्षेत्र महामंडळाचे, आसपासची गावे जिल्हा परिषदेची. २०१८ पासून पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाखाली, महसूल मात्र खेडच्या तहसीलदारांकडे. चाकणमध्ये एखादा खड्डा बुजवायचा तर आधी तो कोणाचा, हे ठरवावे लागते.

पाण्याची कथाही याच वळणाची. भामा नदीवरचे भामा-आसखेड धरण खेड तालुक्यातले. जमिनी येथल्या शेतकऱ्यांच्या बुडाल्या, पुनर्वसनासाठी त्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. २०२१ च्या आरंभी त्या धरणाचे पाणी जलवाहिनीने पुण्याच्या पूर्व भागात पोहोचले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पहाटे चाकणच्या वाहतूक कोंडीची पाहणी केली आणि या परिसरासाठी स्वतंत्र महानगरपालिका करावी लागेल, असे जाहीर केले. चाकण पिंपरी-चिंचवडमध्ये विलीन करावे, असाही एक पक्ष आहे. शेजारच्या ग्रामपंचायतींचे हित वेगळे: कारखाने त्यांच्या हद्दीत आहेत, आणि महानगरपालिका झाली की त्या कारखान्यांवरचा कर आणि गावाचा कारभार दोन्ही त्यांच्या हातून जातील. त्यामुळे निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी येथे सीमारेषा कोठून आखली जाते, यावर चाकणच्या पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब ठरणार आहे. शनिवारी कांद्याच्या गाड्या मात्र अजूनही त्याच चौकातून बाजारात शिरतात.