मजुराचं नाव झाकलं, मंत्र्याचा केस पेपर उघडला

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

परवा धुळ्यात एका ओळखीच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. बाकावर पंधरा-वीस माणसं. कंपाउंडर दारातून ओरडला, "ते पिंपळनेरचे शुगरवाले बाबा कोण? रिपोर्ट आला तुमचा, साडेतीनशे आहे!" बाबा उठले. अख्खा बाक त्यांच्याकडे बघायला लागला. शेजारच्याने लगेच मेथीच्या पाण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने आपल्या साडूचा पाय कसा कापावा लागला ते सांगितलं. कोणाच्याही मनात वाईट काही नव्हतं. आपल्याकडे आजार हा गावाचाच असतो. "काय झालं भो?" असं विचारणं म्हणजे माया.

पण त्याच बाकावर कोपऱ्यात एक पंचविशीची मुलगी तोंडाला ओढणी बांधून बसली होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा कंपाउंडरने सुदैवाने फक्त नावच पुकारलं. ती इतक्या घाईने आत गेली की हातातली फाईल खाली पडली, आणि ती उचलून द्यायला चार हात पुढे आले. तिच्या चेहऱ्यावरची भीती बघून मला दोन जुने खटले आठवले. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयातले, दहा वर्षांच्या अंतराने. त्यातला दुसरा तर आपल्या खान्देशातल्याच माणसाचा. आजची पोस्ट त्या दोन खटल्यांवर आहे.

पहिला खटला १९९७ चा. एक रोजंदारीवरचा मजूर एका सरकारी कंपनीत काम करत होता. कायम होण्याची वेळ आली तेव्हा वैद्यकीय तपासणी झाली आणि रक्तात एचआयव्ही निघाला. माणूस धडधाकट होता, काम करत होता, तरी कंपनीने त्याला बंद केलं. त्याला कोर्टात जायचं होतं, पण जायचं म्हणजे अर्जावर नाव लिहायचं, आणि नाव लिहिलं की ते बोर्डावर लागणार, पेपरात येणार, चाळीत पोहोचणार. तो काळ आठवून बघा. एचआयव्ही म्हटलं की गावात पाणी बंद, न्हावी बंद, मुलीचं लग्न बंद. म्हणजे न्याय मागायचा तर आधी स्वतःची बदनामी स्वतःच्या सहीने करायची.

न्यायालयाने त्याला नाव झाकून लढायची परवानगी दिली. निकालपत्रात तो 'एमएक्स' आहे आणि कंपनी 'झेडवाय'. कंपनीचंही नाव झाकलं, कारण कंपनी कळली की माणूस कळायला वेळ लागत नाही. निकाल असा लागला की जो माणूस काम करायला समर्थ आहे आणि ज्याच्यापासून कामाच्या ठिकाणी इतरांना धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काढता येणार नाही. कायद्याची पुस्तकं निकालाचा हा भाग जास्त सांगतात. मला मात्र ती दोन अक्षरं मोठी वाटतात. आज जवळजवळ तीस वर्षं झाली, तो मजूर कोण हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पत्रकार असून हे सांगताना मला बरं वाटतं.

(लगेच पुढच्या वर्षी, १९९८ ला, सर्वोच्च न्यायालयाचा एका दुसऱ्या प्रकरणात वेगळ्या वळणाचा निकाल आला. हॉस्पिटलने एका माणसाचा एचआयव्हीचा रिपोर्ट बाहेर सांगितला आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालय म्हणालं, जिचं त्याच्याशी लग्न होणार होतं तिच्याही जिवाचा हक्क आहे, त्यामुळे इथे हॉस्पिटल चुकलं असं म्हणता येत नाही. म्हणजे गुप्ततेला मर्यादा आहे हे तेव्हाच ठरलं होतं. पुढे एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आला, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि संमतीशिवाय कोणाची ही माहिती सांगू नये हे कायद्यातच लिहिलं गेलं.)

आता दुसरा खटला. नवापूर हे नाव आपल्याला नवीन नाही. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी नवापूर धुळे जिल्ह्यातच. तिथले सुरूपसिंग नाईक हे आदिवासी भागातले काँग्रेसचे मोठे नेते. अनेक वेळा आमदार, अनेक खात्यांचे मंत्री. ते वनमंत्री असताना राज्यात काही सॉ मिलला परवानग्या दिल्या गेल्या. अशा परवानग्यांवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी होती. प्रकरण अवमानापर्यंत गेलं. १० मे २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने नाईक आणि वन विभागाचे तेव्हाचे प्रधान सचिव अशोक खोत या दोघांना एक महिन्याची साधी कैद सुनावली. नाईक तेव्हा परिवहन मंत्री होते. पदावरचा मंत्री अवमानासाठी तुरुंगात जातो ही गोष्ट तेव्हा देशभर गाजली. आमच्याकडे तर चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

१२ मे ला ते हजर झाले. दोन-तीन दिवसांत तब्येत बिघडली म्हणून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दाखल झाले. हृदयाचा त्रास, कमी झालेली शुगर, रक्तदाब अशी कारणं नोंदली गेली. महिन्याभराच्या शिक्षेतले २१ दिवस रुग्णालयात गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्यांचा आजार खरा होता की नव्हता यावर मी काही बोलणार नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला तुरुंगात त्रास होऊ शकतो, ते अगदी शक्य आहे. पण पुढारी आत गेला की छातीत कळ येते, हा आपल्याकडे कित्येक वर्षांचा अनुभव आणि तितकाच जुना विनोद आहे. लोकांच्या मनात प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता.

माहितीचा अधिकार तेव्हा जेमतेम सात महिन्यांचा होता, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेला. मुंबईचे कार्यकर्ते शैलेश गांधी (हेच पुढे केंद्रीय माहिती आयुक्त झाले) यांनी जे. जे. कडे अर्ज टाकला की नाईकांचे वैद्यकीय अहवाल द्या. प्रकरण अपील करत करत राज्य माहिती आयोगाकडे गेलं, आयोगाने माहिती द्यायला सांगितलं, आणि त्याविरुद्ध नाईक उच्च न्यायालयात आले.

नाईकांच्या बाजूचे मुद्दे फालतू नव्हते. ते म्हणाले, माझं शरीर, माझा आजार, ही माझी खासगी बाब. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम आहेत, डॉक्टरने रुग्णाची गुपितं बाहेर सांगायची नाहीत असं त्यात आहे. शिवाय मला नोटीस न देता, माझं म्हणणं न ऐकता माझी माहिती कशी देता? यातला प्रत्येक मुद्दा आपल्या पिंपळनेरच्या बाबांनाही लागू होतो. किंबहुना त्यांनाच जास्त.

मार्च २००७ मध्ये निकाल आला. न्यायालयाने रुग्णाच्या खासगीपणाला हात घातला नाही, फक्त एका जागी रेघ ओढली. जो माणूस शिक्षा भोगतोय किंवा पोलीस वा न्यायालयीन कोठडीत आहे, आणि त्या काळात सरकारी किंवा सार्वजनिक संस्थेच्या रुग्णालयात दाखल होतो, त्याच्या तिथल्या नोंदी मागणाऱ्याला मिळाल्या पाहिजेत. नाकारायच्या तर ते क्वचित, आणि लेखी कारण देऊन. वैद्यक परिषदेचे नियम आणि माहिती अधिकार कायदा समोरासमोर आले तर कायदा वरचढ, हेही सांगितलं. मूळ कायद्यातच तेव्हा एक ओळ होती की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही नागरिकाला नाकारता येणार नाही. त्या ओळीचाही आधार घेतला गेला.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवा. न्यायालय एकच. १९९७ ला रोजंदारीच्या मजुराचं नाव झाकलं आणि २००७ ला मंत्र्याचा केस पेपर उघडला. वरवर उलटे वाटतात, पण दोन्हीकडे विचारलेला प्रश्न एकच आहे: ही माहिती बाहेर गेली तर कोणाचं नुकसान होतं, आणि झाकून ठेवली तर कोणाचा फायदा? मजुराचं नाव बाहेर जाऊन जनतेला काहीच मिळणार नव्हतं, तो मात्र बरबाद झाला असता. मंत्री शिक्षा कुठे भोगतोय हे मात्र जनतेच्या कामाचं होतं.

आपल्या गावात नेमकं याच्या उलट चालतं. २०२० आठवा. मार्चमध्ये राज्यभर होम क्वारंटाइनवाल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. मग घराच्या दारावर कागद लागले. पोस्टर लावायची ती पद्धत चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबरमध्ये सांगावं लागलं, तोपर्यंत पहिली लाट ओसरली होती. आणि याद्या! रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पॉझिटिव्ह लोकांच्या याद्या फिरायच्या, नाव, वय, मोबाईल नंबर, कॉलनीसकट. कुठून बाहेर यायच्या कोणी सांगत नव्हतं. सगळे बघायचे.

त्याच काळात, जून २०२० मध्ये, जळगावच्या शासकीय रुग्णालयातून एक वृद्ध रुग्ण महिला बेपत्ता झाली. आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींवर निलंबनाची कारवाई झाली. मला आजही याचा उलगडा होत नाही. कोणत्या गल्लीत कोण पॉझिटिव्ह आहे हे अख्ख्या शहराला पाठ होतं, आणि दाखल झालेली बाई कुठे आहे हे रुग्णालयाला माहीत नव्हतं. रुग्णाच्या नोंदी ज्याच्यासाठी ठेवायच्या, त्यालाच त्यांचा उपयोग नाही.

स्वतःच्या घरचं सांगतो. माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलला (नाव घेत नाही) बारा दिवस होती. डिस्चार्जनंतर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून फाईलची झेरॉक्स मागितली. "फाईल देता येत नाही, गोपनीय असते." मी म्हटलं, अहो, गोपनीय कोणापासून? पेशंट इथे समोर बसलीय! वैद्यक परिषदेच्या ज्या २००२ च्या नियमांत गुपित न सांगण्याचं आहे, त्याच नियमांत रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचेही आहे. त्याआधी १९९६ ला मुंबई उच्च न्यायालयानेही रुग्णाच्या बाजूने हे सांगितलंय. मला चार चकरा माराव्या लागल्या आणि शेवटी पत्रकार असल्याचं कार्ड दाखवावं लागलं, ज्याची मला अजून लाज वाटते. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने काय करायचं?

आता ताजी गोष्ट. २०२३ ला संसदेने डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा केला. आपली माहिती कंपन्यांनी, दवाखान्यांनी, अ‍ॅपवाल्यांनी वाटेल तशी वापरू नये म्हणून. हेतू चांगला, गरजही होती. पण त्याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी तिथे लिहिलं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहिती नाकारता येईल, पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागेल. विधिमंडळाची ती ओळही तिथेच होती. आता तिथे एवढंच उरलं आहे की माहिती व्यक्तिगत आहे, सबब नाही. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. जनहिताचं दुसरं कलम, ८(२), शिल्लक आहे, पण त्यात निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर जास्त आहे. अर्ज टाकणाऱ्यांना माहीत आहे की अधिकाऱ्याला नाही म्हणायला एक ओळ पुरते. उद्या एखादा मोठा माणूस कोठडीतून थेट वॉर्डात गेला आणि कोणी २००६ सारखा अर्ज केला, तर २००७ च्या निकालाचा आधार कितपत टिकेल, यावर वकिलांना भांडावं लागेल. आणि पिंपळनेरच्या बाबांची शुगर तोपर्यंत बाकावरच जाहीर होत राहील.

शेवटी माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल, कारण ती न सांगता ही पोस्ट टाकणं बरोबर नाही. एप्रिल-मे २०२० मध्ये मी बातम्या लिहीत होतो. नाव छापायचं नाही हा नियम आम्ही पाळला. पण "अमुक गल्लीतील ४७ वर्षीय किराणा दुकानदार" असं लिहिलं. त्या गल्लीत किराणा दुकान एकच होतं. महिन्याभराने तो माणूस बरा होऊन आला आणि दुकान उघडलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या चौकात वळलेलं. मला भेटला तेव्हा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, नावच लिहिलं असतं तरी चाललं असतं."

१९९७ ला त्या न्यायमूर्तींनी मजुरासोबत कंपनीचंही नाव का झाकलं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुमच्या किंवा घरच्यांच्या रिपोर्टचं असं काही झालं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. कमेंटमध्ये नको.