जुना गेम कन्सोल नव्या टीव्हीला जोडताना : वीजदाब, सिग्नल आणि तारांची माहिती

जुना व्हिडिओ गेम कपाटातून काढून नव्या सपाट पडद्याच्या टीव्हीला जोडला आणि पडदा काळाच राहिला, तर यंत्र निकामी झाले असे समजून ते भंगारात दिले जाते. अनेकदा मात्र यंत्र सुस्थितीत असते. ते पाठवत असलेला सिग्नल आणि टीव्ही स्वीकारत असलेला सिग्नल यांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ कसा बसवावा, याची ही माहिती.

आधी वीजदाब तपासावा

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. जपानमध्ये तो १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्टचा असतो. नातेवाइकांनी परदेशातून आणलेला कन्सोल थेट आपल्याकडील प्लगमध्ये लावल्यास जळू शकतो. अ‍ॅडॅप्टरवर किंवा कन्सोलच्या मागील बाजूस ‘१००-२४० व्होल्ट’ असे छापलेले असल्यास चिंता नाही. अन्यथा वीजदाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आवश्यक ठरतो. अ‍ॅडॅप्टर हरवला असल्यास दुसरा घेताना व्होल्ट, अँपिअर आणि पिनची धन-ऋण दिशा या तिन्ही बाबी जुळवून घ्याव्यात. अनेक जुन्या कन्सोलमध्ये पिनचा मध्यभाग ऋण असतो, तर आजच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरमध्ये तो धन असतो.

अडचणीचे मूळ

जुने कन्सोल पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी तयार झाले. त्यांचा सिग्नल अ‍ॅनालॉग असतो, तर आजच्या टीव्हीची मुख्य जोडणी असलेले एचडीएमआय डिजिटल आहे. शिवाय जुन्या काळी रंगीत प्रक्षेपणाच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या. भारताने पॅल पद्धत स्वीकारली. तीत सेकंदाला ५० वेळा चित्र रेखाटले जाते. अमेरिका व जपानमधील एनटीएससी पद्धतीत हे प्रमाण ६० आहे. परदेशी कन्सोलचे चित्र कृष्णधवल दिसत असेल किंवा वर-खाली सरकत असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमधील रंगपद्धती ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी’ करून पाहावी.

कोणत्या कन्सोलला कोणती जोडणी

निन्टेन्डोचा १९८३मधील फॅमिकॉम केवळ अँटेनाच्या तारेतून चित्र पाठवत असे. नव्वदच्या दशकात भारतात आलेल्या कॅसेटवरील अनेक गेम याच यंत्राच्या नकला होत्या. अशा जोडणीसाठी टीव्हीत अ‍ॅनालॉग चॅनेल शोधावे लागते. यंत्राला पिवळ्या रंगाचे एव्ही सॉकेट असल्यास तेच वापरणे सोयीचे असते.

सोनीचा प्लेस्टेशन २ हा कन्सोल मार्च २००० मध्ये जपानमध्ये दाखल झाला. त्याच्यासोबत पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन टोकांची तार मिळत असे. पिवळे टोक चित्राचे, उरलेली दोन आवाजाची. अनेक नव्या टीव्हींमध्ये ही तीन सॉकेट नसतात; त्यांऐवजी हेडफोनसारखे एक लहान छिद्र असते. त्यासाठीची जोडतार त्याच टीव्हीसोबत आलेली वापरावी. प्रत्येक कंपनी पिनचा क्रम वेगळा ठेवू शकते आणि चुकीच्या तारेने चित्र गायब होते किंवा नुसती गुणगुण ऐकू येते. काही टीव्हींमध्ये हिरवे सॉकेट एव्ही आणि कंपोनंट या दोन्हींसाठी असते. तेव्हा पिवळे टोक हिरव्या सॉकेटमध्ये घालून इनपुट ‘एव्ही’ निवडावे.

अधिक स्पष्ट चित्रासाठी हिरवी, निळी, लाल अशी तीन टोके चित्रासाठी असलेली कंपोनंट तार वापरता येते. ती लावण्यापूर्वी पिवळ्या तारेवर कन्सोल सुरू करून सिस्टीम सेटिंगमधील ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ हा पर्याय आरजीबीवरून दुसऱ्या पर्यायावर न्यावा. अन्यथा रंग बिघडलेले दिसतात. प्लेस्टेशन ३ (२००६) मध्ये एचडीएमआय असल्याने हा प्रश्न उरत नाही. त्याच वर्षी आलेल्या निन्टेन्डो वीमध्ये मात्र ते नाही.

रूपांतरक घेताना

टीव्हीला एचडीएमआयखेरीज काहीच नसल्यास रूपांतरक लागतो. तो ‘एव्ही टू एचडीएमआय’ असावा. दिसायला तसाच असलेला ‘एचडीएमआय टू एव्ही’ उलट दिशेने काम करतो व येथे निरुपयोगी ठरतो. बहुतेक रूपांतरकांना यूएसबीमार्फत वेगळी वीज द्यावी लागते.

स्वस्त रूपांतरकांची एक मर्यादा ध्यानात घ्यावी. जुने अनेक गेम एका वेळी सुमारे २४० रेषांचे चित्र पाठवतात. बरेच रूपांतरक आणि टीव्ही त्याला सम-विषम रेषांत विभागलेले चित्र समजून दोन भाग जोडू पाहतात. त्यामुळे चित्र लुकलुकते आणि विलंब वाढतो. काही टीव्ही कंपोनंट तारेतून आलेला असा सिग्नल स्वीकारतच नाहीत. म्हणूनच प्लेस्टेशन २ वर त्याच्या डिस्क चालतात, पण पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क घातली की पडदा काळा होतो, असे घडू शकते. ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखी खास उपकरणे हा सिग्नल नीट ओळखतात. मात्र त्यांची किंमत बरीच अधिक असते.

विलंब आणि चित्राचा आकार

बटण दाबल्यावर पडद्यावरील पात्र उशिरा उडी मारत असेल, तर टीव्हीतील ‘गेम मोड’ सुरू करावा. त्यामुळे चित्रावरील अतिरिक्त प्रक्रिया कमी होते. जुन्या गेमचे चित्र सहसा ४:३ प्रमाणाचे असते. तोच आकार निवडल्यास पात्रे आडवी ताणली जात नाहीत.

एका बाबतीत मात्र नेहमीच्या जोडणीने उपाय होत नाही. ‘डक हंट’सारख्या गेममधील बंदूक पिक्चर ट्यूबच्या प्रकाशावर अवलंबून असते. ती एलसीडी किंवा एलईडी पडद्यावर नेम ओळखत नाही. तिच्यासाठी जुना टीव्हीच हवा. तो घरी उघडू नये. बंद केल्यानंतरही आत उच्च वीजदाब राहू शकतो.

टाकून देण्यापूर्वी

कन्सोल टाकून देण्यापूर्वी दुसरी तार, दुसरा अ‍ॅडॅप्टर आणि टीव्हीचे योग्य इनपुट या तीन गोष्टी पडताळाव्यात. यंत्रासोबत केवळ खेळ जात नाही. प्लेस्टेशन २ च्या ८ एमबी मेमरी कार्डावर अनेकांच्या लहानपणीची प्रगती साठलेली आहे. हैदराबादमध्ये तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरिअर’ (२००९) हा गेम याच कन्सोलसाठी निघाला होता. यंत्र खरोखरच बिघडले असेल, तर ते घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे.