तेलकट पानांचा इतिहास

आपल्या भागाचा औद्योगिक इतिहास सांगताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात काढलेले सायकलचे दुकान आठवते, १९१० चा कुंडलचा माळ आठवतो, १९४६ साली पुण्यात सुरू झालेला ऑइल इंजिनांचा कारखानाही आठवतो. इंजिनाबरोबर येणारी दुरुस्तीची पुस्तिका मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. माझ्या मते अस्सल दस्तऐवज तोच.

१८९७ साली आउग्सबुर्गला यशस्वी ठरलेल्या रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावे. म्हणजे सारी मदार दाबावर आणि तेल फवारण्याच्या वेळेवर. येथे अंदाज चालत नाही, आकडाच लागतो. तो आकडा पुस्तिकेत, आणि पुस्तिका इंग्रजीत!

इंग्लंडमधल्या लिस्टरचे सहा घोड्यांचे, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांचे इंजिन घ्या. याच धर्तीची इंजिने पुढे राजकोटला उदंड झाली. पिस्टन वर आल्यावर हेडपासून किती अंतर राहते, हे पाहण्यासाठी मिस्त्री पिस्टनवर शिशाची तार ठेवतो, हेड आवळतो, फ्लायव्हील हाताने फिरवतो आणि चेपलेली तार काढून मोजतो. फरक निघाला तर सिलिंडरखालचे पॅकिंग कमी-जास्त करतो. टायमिंगची गंमत आणखी न्यारी. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून फ्लायव्हील हळूहळू फिरवायचे. वर येणारे तेल थांबले, की तोच फवाऱ्याचा आरंभ. पुस्तिका म्हणते, पिस्टन माथ्यावर येण्याआधी वीस अंश. अंश मोजायला कोनमापक कुठला? फ्लायव्हीलभोवती सुतळी गुंडाळायची आणि तिचा अठरावा भाग घ्यायचा. तीनशेसाठ भागिले वीस! शाळेत भूमितीला घाबरलेली माणसे हे बिनचूक करीत.

गुऱ्हाळाच्या हंगामात इंजिन बंद पडले, की तोडलेला ऊस वाळतो आणि गुळाचा उतारा घटतो. अशा वेळी इंजिनाने एअर घेतली, की नोझल अडकले, हे ठरवायला पुस्तिकेतला दोषांचा तक्ता सर्वांत आधी उघडला जाई.

१९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली. जुन्या पुस्तिकांत इंच, नव्यांत मिलिमीटर. मिस्त्रींच्या तोंडी मात्र इंचाच्या आठव्या भागाचे ‘सूत’ राहिलेच. (अजूनही आहे.)

आपल्या दुभाषी मुलखाच्या दृष्टीने मला मोलाची वाटतात ती शेवटची पाने, सुट्या भागांच्या यादीची. एकाच भागाला मालक मराठीत एक म्हणे, मदतनीस कन्नडमध्ये दुसरे, दुकानदार तिसरेच. मग चित्रावर काळे बोट ठेवायचे आणि नंबर चिठ्ठीवर लिहून पाठवायचा. माझ्या संग्रहातल्या एका प्रतीच्या समासात तर दोन्ही लिप्यांत नोंदी आहेत. रिंग बदलल्याची तारीख देवनागरीत, ऑइल बदलल्याची कन्नडमध्ये. अक्षरे दोन माणसांची आहेत, ग्रीसचे बोट कुणाचे ते कळत नाही.