मोठ्या काडतुसाचा प्रेस

१९०७ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० इंची रायफलींवर बंदी आणली. शिकारी काडतुसांतल्या गोळ्या काढून बंडखोर त्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीच्या काडतुसांत भरतील, अशी धास्ती होती. लंडनच्या बंदूककारांनी लगोलग .४६५, .४७० अशी नवी मापं काढली आणि साहेबांच्या शिकारी सुरू राहिल्या. काडतूस घरच्या घरी भरता येतं, या गोष्टीचा असाही एक परिणाम!

काडतूस पुन्हा भरण्याची खरी गंमत बुडाच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत आहे. एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाच्या टोपीसाठी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, बुडाला मधोमध एकच भोक असतं. वरून सुई दाबली की जळकी टोपी बाहेर. हिरम बर्डन या अमेरिकनाच्या पद्धतीत भोकं बाजूला, त्यामुळे सुई चालत नाही. अमेरिकेने इंग्रजाची टोपी उचलली, युरोपात अमेरिकनाची रुजली. घरी काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेतच इतका का फोफावला, त्याचं एक कारण हे.

जॉन बार्लोच्या आयडियल कंपनीने १८८४ पासून कनेक्टिकटमध्ये त्यासाठी जे हत्यार विकलं, ते हातात धरायचा अडकित्ताच. काळ्या दारूचा दाब कमी. केसचं तोंड जरा आवळलं की काम भागायचं.

१९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम आणलं आणि अडकित्त्याचे दिवस भरले. केस ७२ मिलिमीटर लांब, गोळीसकट ९१. आत कॉर्डाइट या दारूच्या शेवयांसारख्या कांड्या भरायच्या म्हणून निमुळती, खांदा उतरता. अशा खांद्यावर केस नळीत नीट अडकत नाही, म्हणून बुडाशी पितळेचा पट्टा ठेवला. दाब इतका की झाडल्यावर केस सगळ्या अंगाने फुगते. ती पूर्ववत करायची तर तोंडापासून पट्ट्यापर्यंत डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबावी लागते. मनगटाचं ते काम नव्हे. टेबलाला बोल्टने आवळलेला, लांब दांड्याचा प्रेस हवा.

सुरुवातीच्या अनेक प्रेसची चौकट इंग्रजी ‘सी’सारखी, एका बाजूने उघडी. हात घालायला सोयीची. पण जोर पडला की तोंड किंचित वासायचं आणि गोळी तिरपी बसायची. त्यात रॉय वेदरबीने १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात याच हॉलंड केसचं पोट फुगवून आणखी दारू मावेल अशी मॅग्नम काढली. त्याच राज्यात ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या आवारात रॉक चक या खारवर्गीय प्राण्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवायच्या डाय बनवायला घेतल्या. त्यातून आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. तिच्या रॉक चकर प्रेसची चौकट ‘ओ’सारखी बंद, ओतीव लोखंडाची, आणि सांधे असे जुळवलेले की दांडा खाली येईल तसा जोर वाढत जातो.

आजही मॅग्नमसाठी मी हीच घडण निवडीन: बंद चौकट, लोखंड, एका वेळी एकच डाय. फिरत्या चकतीचे झटपट प्रेस पिस्तूलवाल्यांना लखलाभ; .३७५ खांद्याला लावून दिवसाला शंभर बार काढणारा विरळाच. दुकानात मात्र एक गोष्ट स्वतः पाहावी. केस वर ढकलणारा दट्ट्या पूर्ण खाली असताना केस आणि तिच्यावर टेकवलेली गोळी डायखाली सरळ जाते का? छोट्या प्रेसमध्ये ती बोटांत वाकडी धरावी लागते, आणि सगळा वैताग तिथेच सुरू होतो. नेहमीच्या डायला ⅞ इंच व्यास आणि इंचाला चौदा आटे; .३७५ त्यात आरामात बसतं. ९९ मिलिमीटर केसच्या .५० ब्राउनिंगला दीड इंची डाय लागते, तिच्यासाठी प्रेसच वेगळा. पण तेवढ्या धुडाने .३७५ भरणं म्हणजे टेबलावर उगाच ओझं.

पट्ट्याच्या किंचित वर केस फुगते, तिथवर नेहमीची डाय नीट पोचत नाही. ते दुखणं कुठलाही प्रेस बरं करत नाही. आणि केसला वंगण लावायचं राहिलं, तर ती डायमध्ये घट्ट रुतते. मग बळकट प्रेसचा दांडा उलटा ओढला, तर केस आतच राहते आणि तिच्या बुडाची कड तेवढी फाटून हातात येते.